गाडी परत बोलावता येते, आतल्या घराचे काय?

कॅरॅव्हॅन निवडताना लोक पलंगाची लांबी पाहतात, एसी किती टनाचा ते विचारतात, संडास-बाथरूमची सोय बघतात. आतली शेगडी कुणी बनवली, ती बसवली कुणी आणि उद्या तिच्यात दोष निघाला तर आपल्याला कळवणार कोण, हे विचारणारा ग्राहक विरळा. माझ्या मते सौदा याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. चालत्या वाहनात शेगडी, फ्रिज आणि बॅटरी आली की ते वाहनही असते आणि घरही. आपल्याकडे वाहनाला वाली आहे, त्यातल्या घराला जवळजवळ नाही.

नाशिककरांनी, त्यातही पंचवटीकरांनी, हे आत्ताच समजून घ्यायला हवे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जिथे हॉटेल उभे राहणे अवघड, अशा गड-किल्ले, धरणे, अभयारण्ये, तीर्थक्षेत्रे यांच्या आसपास मुक्कामाची सोय व्हावी, असा त्यामागचा हेतू. आता सिंहस्थ आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. रामकुंडाच्या परिसरातल्या धर्मशाळा, भक्तनिवास, लॉज किती पुरणार? चाकांवरच्या मुक्कामाला मागणी येणार, भाड्याने देणारे पुढे येणार आणि घाईघाईने केलेली कामेही रस्त्यावर येणार.

बाजारात काय मिळते ते थोडक्यात सांगतो. फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर यांसारख्या व्हॅनवर किंवा ट्रकच्या चेसिसवर केलेल्या गाड्या जास्त दिसतात. पिकअपवर बांधलेल्या छोट्या कॅम्परही आहेत. महिंद्राने २०२२ मध्ये कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीबरोबर बोलेरो कॅम्परवर आधारलेल्या गाडीची घोषणा केली होती. खरा फरक मात्र आकाराचा नाही, कागदाचा आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेली गाडी ही एक गोष्ट. आणि जुनी प्रवासी व्हॅन घेऊन ओळखीच्या बॉडी बिल्डरकडून आत ओटा, पलंग, टाकी बसवून घेणे ही अगदी निराळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून वाहनात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावले. परवानगी न घेता आणि आरसीवर नोंद न करता केलेला बदल पासिंगला अडतोच. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात नकाराचे कारणही आयते देतो.

आता रिकॉल. वाहनात सुरक्षेचा दोष आढळला की कंपनीने ती गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करून द्यायची, ही पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे कंपन्यांच्या मर्जीवर होती. गाडी उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता केली. कायद्याचे दात आले ते २०१९ च्या दुरुस्तीने, कलम ११०-अ मधून. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्या त्यात येतात आणि सरकारला रिकॉल सक्तीने करायला लावावा लागला, तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या गाड्यांत बसवला आहे त्या सगळ्या परत बोलावता येतात.

पण ही यंत्रणा हलते कशी? एका विशिष्ट प्रकारच्या गाडीच्या मालकांपैकी ठरावीक टक्के लोकांनी तक्रार केली, किंवा चाचणी संस्थेने, किंवा अन्य कुणी दोष दाखवून दिला, तर. हजारोंनी विकल्या जाणाऱ्या मोटारीला हे हिशेब लागू पडतात. एका कारागिराने वर्षाकाठी चार गाड्या बांधल्या, चारही गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे वेगवेगळ्या, तर तिथे टक्का कशाचा काढणार? चेसिसच्या ब्रेकमध्ये दोष निघाला तर कंपनीचे पत्र येईल. ओट्याखालच्या व्हॉल्व्हमध्ये दोष निघाला तर पत्र पाठवणाऱ्याला ती वस्तू तुमच्या गाडीत आहे हेच माहीत नसते.

घरगुती वस्तूंच्या रिकॉलसाठी वेगळा रस्ता आहे आणि तो आपण फारसा वापरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. हे नुसते कागदावर नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनवरून विकल्या गेलेल्या २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून विकल्या गेलेल्या ५९८ प्रेशर कुकरच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश दिला आणि दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. कुकर सक्तीच्या भारतीय मानकात बसत नव्हते. या प्रकरणात ग्राहक सापडले, कारण ऑनलाइन खरेदीची नोंद होती. रोखीने घेतलेल्या, बिल फाडून टाकलेल्या वस्तूचा रिकॉल निघाला तरी तो पोहोचणार कुणापर्यंत?

रिकॉल पोहोचतो म्हणजे काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथे मोटरहोमचा संसार जुना आणि मोठा, म्हणून ठेचाही अधिक. सगळ्यात बोलके उदाहरण फ्रिजचे आहे. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कंप्रेसरशिवाय चालणारा फ्रिज बनवला. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली लहानशी ज्योत. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, पुढे थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या सोबतीत त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता शोषून घेते. हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही, वीज नसली तरी गॅसवर चालतो. रानात मुक्काम करणाऱ्याला याहून काय हवे? इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला आणि पुढे त्याच परंपरेतून आलेल्या डोमेटिक कंपनीचे फ्रिज लाखो मोटरहोममध्ये बसले.

या रचनेत एक नाजूक जागा आहे: ज्योतीजवळची बॉयलरची नळी. तापणे, निवणे, पुन्हा तापणे, वर रस्त्याचे हादरे. गाडी उतारावर तिरकी उभी राहिली की आतले द्रव नीट फिरत नाही आणि ती नळी नको तितकी तापते. १९९७ ते २००३ या काळात बनलेल्या डोमेटिकच्या काही फ्रिजमध्ये या नळीला बारीक भेग पडू शकते, आतला वायू बाहेर येऊन पेट घेऊ शकतो, असे निष्पन्न झाले आणि २००६ मध्ये ९ लाख २६ हजारांहून अधिक फ्रिज रिकॉलखाली आले. २००८ मध्ये त्यात आणखी भर पडली. नॉरकोल्ड या दुसऱ्या मोठ्या कंपनीवरही २०१० मध्ये तिच्या १२०० मालिकेच्या फ्रिजसाठी हीच पाळी आली. दुरुस्ती म्हणून नवा फ्रिज मिळाला नाही. डोमेटिकने ज्योतीभोवती जादा आवरण आणि उष्णतेने वितळून पुरवठा तोडणारा फ्यूज बसवून दिला. नॉरकोल्डने तापमान वाढले की बंद करणारा सेन्सर. भेग पडायचे थांबले नाही, भेगेतून आग लागण्याची शक्यता कमी केली गेली. रिकॉल झाला म्हणजे वस्तू निर्दोष झाली, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे, ते यामुळे.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आई-बाबा सुटीत तिकडे गेले की मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहायला निघण्याची हौस अनेकांना असते. तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन क्रमांक टाकला की प्रलंबित रिकॉल कळतात, हे बहुतेकांना माहीत असते. पण स्वतंत्र उपकरणांच्या रिकॉलची नोंद निराळी असते. फ्रिज, शेगडी, हीटर यांचे मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळे ताडून पाहावे लागतात. दुसरे असे की, रिकॉल झालेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने देऊ नये, हा २०१६ पासूनचा तिथला कायदा १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहे. कुटुंबाला पुरेल अशी मोटरहोम बहुधा त्याहून जड असते. कायद्याने ज्यांना झाकायला हवे होते तेच उघड्यावर राहिले. भाड्याने देणाऱ्याला लेखी विचारा: उपकरणांचे रिकॉल पाहिले का, दुरुस्तीची पावती कुठे आहे?

आपल्याकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये सुदैवाने बहुतेक कंप्रेसरचे १२ व्होल्टचे फ्रिज असतात; ज्योत नाही. आपला धोका दुसरीकडे आहे, शेगडीत आणि तारांत.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की तो जमिनीलगत साचतो आणि वरची खिडकी उघडी असली तरी खालून हलत नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. व्हॅनच्या आतली जागा १२ घनमीटर धरली, तर अख्ख्या गाडीची हवा त्या पातळीला आणायला जेमतेम अर्धा किलो गॅस लागतो. तळाशी साचलेला थर त्याच्याही आधी पेटण्याजोगा होतो. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. म्हणून ज्या देशांत हा व्यवहार मुरला आहे, तिथे सिलिंडर गाडीच्या आत मोकळा ठेवतच नाहीत. त्याला बाहेरून उघडणारा, आतल्या खोलीशी संबंध नसलेला कप्पा असतो, आणि कप्प्याच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारे भोक. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवलेली कॅरॅव्हॅन कुणी दाखवली, तर ती कितीही सुंदर असो, खाली उतरावे.

विजेवर स्वयंपाक केला तर हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या तारेतून १५० अँपिअरहून जास्त करंट वाहतो. घरातल्या गीझरला ८-१० अँपिअर लागतात, यावरून अंदाज करा. तार जराशी बारीक, लग जरासा सैल, फ्यूज बॅटरीपासून लांब बसवलेला, की तापणे सुरू. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ही शेगडी तासभर चालली तरी खूप. बॅटरीबद्दल नाशिकने एक धडा पाहिला आहे: ९ एप्रिल २०२२ ला पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधून निघालेल्या ४० इलेक्ट्रिक स्कूटरपैकी २० पेटल्या. जीवितहानी झाली नाही. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर दुचाकी-तिचाकीच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. ते गाडी चालवणाऱ्या बॅटरीसाठी आहे. कॅरॅव्हॅनमध्ये दिवे-पंखे-शेगडीसाठी पलंगाखाली ठेवलेली बॅटरी त्यात येत नाही. तिथे जबाबदारी विकणाऱ्याची आणि तुमची. उष्णता अधिक सोसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी घ्या, सुटे सेल जुळवून केलेली घेऊ नका, एवढे मी ठामपणे म्हणेन.

कॅरॅव्हॅन हा शब्द न वापरता पंचवटीने चाकांवरचे स्वयंपाकघर कितीतरी वर्षे पाहिले आहे. तपोवनाच्या बाजूला यात्रा कंपन्यांच्या बस थांबतात. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, तेलंगणातून आलेल्या. डिकीचे झाकण वर होते, आचारी आधी लोखंडी भट्टी खाली घेतो, मग सिलिंडर, मग पिठाची पोती. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा लावतो आणि बसच्या चाकापासून दोन हातांवर चहाचे आधण चढते. यात्रेकरू रामकुंडावरून परत येईपर्यंत पोळ्या तयार असतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे ट्रकही असेच संसार घेऊन चालतात. गरिबाला परवडणारी यात्रा या आचाऱ्यांनी शक्य केली आहे, हे मी आदराने म्हणतो. पण जेवण झाल्यावर तोच सिलिंडर, त्याच नळीसकट, चाळीस झोपलेल्या माणसांखाली परत जातो. रिकॉल, मानक, तपासणी यातले काहीही त्या भट्टीपर्यंत पोहोचलेले नाही.

याची किंमत मदुराईत दिसली. लखनौहून निघालेला यात्रेचा खासगी डबा २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाच्या यार्डात उभा होता. रेल्वेत गॅस नेण्याला बंदी असताना आत सिलिंडर होता. पहाटे चहा करताना आग लागली, दारे बंद होती, नऊ माणसे गेली. प्रयागराजच्या कुंभात १९ जानेवारी २०२५ ला सेक्टर १९ मध्ये तंबूंना आग लागली आणि सिलिंडर फुटत गेले. बंब वेळेवर पोहोचले म्हणून प्राण वाचले.

आमच्या दारातला प्रसंग गॅसचा नव्हता. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस ट्रेलरला धडकली, पेटली आणि किमान बारा जण दगावले. पुढे १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पंचवीस जण. १४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरजवळ नव्याने फेरफार केलेली स्लीपर बस पेटली आणि वीसहून अधिक गेले. या आगींची कारणे वेगवेगळी आहेत, पण आतल्या माणसाची कोंडी सारखीच: अरुंद वाट, भराभर जळणारे सामान आणि न सापडणारे दार. कॅरॅव्हॅनमध्ये पलंग मागे, ओटा मध्ये आणि दार पुढे अशी रचना सर्रास असते. आग ओट्याजवळ लागली तर झोपलेल्याने जायचे कुठून? गाडी बघायला गेलात की मागच्या पलंगावर आडवे व्हा आणि ओट्याला न ओलांडता बाहेर पडून दाखवा, असे विकणाऱ्याला सांगा. मागे दार किंवा आतून उघडणारी मोठी खिडकी नसेल, तर ती गाडी घेऊ नका.

बाकीचे काम कागदाचे आणि नजरेचे आहे. आरसीवर गाडीचा प्रकार कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा आहे का, ते आधी पाहा. बॉडी बिल्डरकडून प्रत्येक उपकरणाचे वेगळे बिल घ्या, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असेल. पाट्यांचे फोटो काढून ठेवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने नोंद करा. रिकॉलचा निरोप येण्याचा तोच पत्ता. गॅस घेणारच असाल तर नारिंगी सुरक्षा नळी वापरा आणि तिच्यावर छापलेले वर्ष पाहून पाच वर्षांत बदला. सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. 'बी-२८' म्हणजे त्याची पुढची चाचणी एप्रिल ते जून २०२८ मध्ये. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. भाड्याने चालणाऱ्या गाडीत घरगुती सिलिंडर चालत नाही. गळतीसाठी १९०६ आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हे दोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आणि बिल्डरने हात झटकले, तर लक्षात ठेवा: २०१९ च्या ग्राहक कायद्यात सुटे भाग जुळवून वस्तू तयार करणाराही उत्पादकच धरला आहे. रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना, न दिलेला इशारा, या सगळ्यासाठी त्याला जिल्हा आयोगात उभे करता येते.

मला विचाराल तर आपल्या हवेला आणि रस्त्यांना गॅस नसलेली कॅरॅव्हॅन योग्य. आत चहा आणि दूध तापवण्यापुरती वीज, स्वयंपाक बाहेर, कॅरॅव्हॅन पार्कमध्ये. थोडी गैरसोय होते, पण त्या बदल्यात झोपेत गॅस साचण्याची भीती उरत नाही.

नाशिकचे आरटीओ पेठ रोडवर, म्हणजे पंचवटीतच आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने कॅरॅव्हॅन आणि यात्रा बस तिथे किंवा शहराच्या वेशीवर तपासल्या जातील, तेव्हा ब्रेक आणि धुराबरोबर सिलिंडरचा कप्पा, नळीचे वर्ष, बॅटरीजवळचा फ्यूज आणि मागचे दार या चार गोष्टीही पाहाव्यात, अशी माझी परिवहन विभागाला आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाला विनंती आहे. एका गाडीला दहा मिनिटे लागतील. हा आदेश ३१ ऑक्टोबर २०२६ च्या आधी निघायला हवा.